५० हजार भोकं आणि एक ढोली

एक सुतार पक्षी ढोलीतून डोकं बाहेर काढतो. चोचीत पांढरंशुभ्र अंडं. तो शेजारच्या झाडावर जातो, अंडं सालीच्या खाचेत टेकवतो आणि फोडून खायला लागतो. थोड्याच वेळात त्याच्याच गोतावळ्यातले आणखी दोघे-तिघे येऊन त्यात चोच बुडवतात. दुर्बिणीतून हे बघणारा वहीत लिहून टाकेल, "परक्या सुताराने घरटं लुटलं." आणि त्याची नोंद साफ चुकेल. अंडं उचलणारी मादी त्याच ढोलीची मालकीण आहे. अंडं बहुधा तिच्या सख्ख्या बहिणीचं आहे. खायला आलेल्यांमध्ये ती बहीणसुद्धा असू शकते.

हा आहे एकॉर्न सुतार. ओकच्या झाडाला टोपी घातल्यासारखी टणक फळं येतात, त्यांना एकॉर्न म्हणतात. त्यांवरून हे नाव. अमेरिकेच्या ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियापासून मेक्सिको, मध्य अमेरिका असं करत थेट कोलंबियापर्यंत, जिथे ओकची रानं आहेत तिथे हा सापडतो. लांबी साधारण २० ते २३ सेंटिमीटर, पाठ काळी, डोळे पांढुरके, डोक्यावर लाल टोपी. चेहरा सर्कशीतल्या विदूषकासारखा रंगवलेला. कपाळाचा पांढरा पट्टा थेट लाल टोपीला भिडला असेल तर नर. मध्ये काळी पट्टी असेल तर मादी. एवढी खूण डोक्यात ठेवली तरी निरीक्षणाचं अर्धं काम सोपं होतं, कारण या पक्ष्याच्या बाबतीत "कोण" हा प्रश्न "काय" या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

अंड्याचं रहस्य ढोलीकडे कितीही वेळ टक लावून बसलं तरी उलगडत नाही. त्यासाठी जवळच्या दुसऱ्या एका झाडाकडे बघावं लागतं. ते झाड म्हणजे या कुटुंबाचं कोठार.

लांबून पाहिलं तर खोडावर कुणीतरी छर्रे झाडल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक भोक मोजून-मापून पाडलेलं आहे आणि बऱ्याच भोकांत एकेक एकॉर्न टोकाकडून आत ठोकून बसवलेलं आहे. मोठ्या कोठारात अशी ५०,००० पर्यंत भोकं असतात. भोकं बहुतेक वेळा जाड, निर्जीव सालीत किंवा वठलेल्या फांदीत असतात, त्यामुळे जिवंत झाडाला फारशी इजा होत नाही. लाकडी विजेचे खांब, कुंपणाचे डांब, घराच्या फळ्या हेही पक्ष्याच्या दृष्टीने वठलेली झाडंच.

आता जरा हिशोब करू. एक भोक पाडायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. अर्धाच तास धरला तरी ५०,००० भोकांना २५,००० तास. पण हे काम काही सलग चालत नाही. एक कुटुंब वर्षाला काहीशे भोकं पाडतं. वर्षाला ५०० धरली तर एवढं कोठार उभं राहायला १०० वर्षं हवीत, आणि पक्ष्याचं आयुष्य फार झालं तर पंधरा-सोळा वर्षांचं. म्हणजे आज त्या झाडावर एकॉर्न ठोकणाऱ्या पक्ष्याने त्यातली फारच थोडी भोकं स्वतः पाडलेली असतात. बाकी सगळी वाडवडिलांची, किंवा आधी तिथे राहून गेलेल्या भलत्याच घराण्याची. शेतजमिनीसारखी ही वडिलोपार्जित मालमत्ता आहे. नवीन उभी करणं जवळजवळ अशक्य, आणि असलेली सोडून जाणं मूर्खपणाचं. या पक्ष्याचं सगळं विचित्र वागणं या एका अडचणीतून निघतं, असं माझं मत आहे.

पण साठवण म्हणजे नुसतं भरून ठेवणं नव्हे. ताजं एकॉर्न भोकात घट्ट बसतं, मग वाळतं, आकसतं आणि सैल होतं. सैल झालेलं फळ खार किंवा 'जे' (jay) नावाचा, कावळ्याच्या कुळातला चोरटा पक्षी सहज उपटून नेतो. म्हणून सुतार ते काढतो, चोचीत धरून खोडावर वर-खाली फिरतो, दोन-तीन भोकांत घालून बघतो आणि जिथे नेमकं बसेल तिथे ठोकतो. कोठारावर नजर ठेवून बसलात तर बहुतेक वेळ हेच दिसेल. खाणं कमी, हलवाहलव फार. किराणा दुकानदार सकाळी माल इकडचा तिकडे करतो ना, तसं. हे माहीत नसलेला निरीक्षक "एकॉर्न खाल्लं" अशी नोंद करून बसतो, कारण पक्षी फळ काढताना दिसला, उडताना दिसला, आणि पुढचं त्याने पाहिलंच नाही.

या साठवणीबद्दल एक जुना समज असा होता की, सुतार एकॉर्नसाठी साठवतच नाही. फळात अळ्या पडाव्यात आणि मग त्या खाता याव्यात म्हणून तो ही तजवीज करतो. ऐकायला छान, पण तसं नाही. तो फळाचा गरच खातो. उलट त्याच्या शहाणपणावर फार भरवसा ठेवू नये अशीही उदाहरणं आहेत. भोकांत कधीकधी खडे ठोकलेले सापडतात. आणि जिथे भोकाच्या पलीकडे पोकळी असते तिथे तर गंमतच होते. अॅरिझोनात एका लाकडी पाण्याच्या टाकीत या पक्ष्यांनी सुमारे २२० किलो एकॉर्न टाकल्याची नोंद आहे. कॅलिफोर्नियात २०२३ साली एका घराच्या भिंतीतून ३०० किलोंहून जास्त एकॉर्न बाहेर काढली गेली. भोकात घातलेलं फळ आत पडलं, भोक रिकामंच राहिलं, म्हणून पुन्हा घातलं. तेही पडलं. पक्ष्याच्या लेखी भरायचं असतं ते भोक; माल पुन्हा हाती लागेल की नाही हा विचार त्या क्षणी त्याच्या डोक्यात नसावा.

एकॉर्नमध्ये पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ बऱ्यापैकी, प्रथिनं कमी, आणि तुरटपणा आणणारं टॅनिन भरपूर. पिल्लं वाढवायला हे अन्न फारसं कामाचं नाही. पिल्लांना मुख्यतः किडे भरवले जातात. सुतार असूनही हा पक्षी झाडाच्या शेंड्यावरून झेप घेऊन हवेतल्या हवेत किडे पकडतो. काही झाडांच्या सालीला उथळ छिद्रं पाडून रसही पितो. मग कोठाराचा आणि पिल्लांचा संबंध काय? कोठारावर मोठे पक्षी हिवाळा काढतात. ज्या कुटुंबाच्या कोठारात वसंत उजाडला तरी माल शिल्लक असतो, त्या कुटुंबात अंडी लवकर पडतात आणि पिल्लंही जास्त उडतात. मोठ्यांचं पोट एकॉर्नवर भागतं, त्यामुळे मिळालेला किडा पिल्लाच्या चोचीत जातो. ओकचा बहार जबरदस्त असेल तर काही जोडपी ऐन शरदात, म्हणजे इतर पक्ष्यांची घरटी केव्हाच रिकामी झालेली असताना, पुन्हा अंडी घालतात. घरट्याचं वेळापत्रक असं कोठारावर टांगलेलं असतं.

ओक मात्र लहरी. एका वर्षी फांद्या वाकतील इतकं फळ, पुढच्या वर्षी शोधून सापडत नाही. जातीजातीचे ओक एकत्र असतील तर एक नाही तर दुसरा फळतो. काही जातींची फळं त्याच वर्षी पिकतात, काहींना दोन वर्षं लागतात. म्हणून हे पक्षी मिश्र ओकच्या रानात टिकून राहतात आणि एकाच जातीच्या रानात त्यांची संख्या हेलकावे खाते. अॅरिझोनाच्या काही भागात पीक इतकं बेभरवशाचं की तिथल्या पक्ष्यांनी कायमच्या कोठाराचा नादच सोडलेला आढळला. ते जोडीने राहतात, पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात जागा सोडून जातात. पीटर स्टेसी आणि कार्ल बॉक यांनी १९७८ मध्ये हे नोंदवलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. पक्षी तोच, फक्त कोठार नाही, आणि त्याबरोबर एकत्र कुटुंबही नाही.

कोठार असेल तिथे मात्र कुटुंब मोठं. दोनपासून पंधरापर्यंत पक्षी एकत्र राहतात. त्यांत वीण करणारे नर एकाहून जास्त असू शकतात, आणि ते सहसा भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक असतात. वीण करणाऱ्या माद्या एक ते तीन, त्याही बहिणी-बहिणी किंवा माय-लेकी. उरलेले सगळे मदतनीस, म्हणजे आधीच्या वर्षांची पिल्लं, जी घर सोडून गेलेली नाहीत. ते अंडी उबवतात, किडे आणतात, कोठाराची राखण करतात, पण स्वतः वीण करत नाहीत. बाहेर जागा असती तर कदाचित गेलेही असते. पण कोठार असलेली प्रत्येक जागा आधीच कुणीतरी धरलेली. म्हणून घरी थांबायचं, भावंडं वाढवायची आणि कुठे जागा रिकामी होते यावर कान ठेवायचा.

स्वतःच्या घरातली जागा रिकामी झाली तरी ती त्यांच्या कामाची नसते. आई मेली तर मुलगे बहिणींशी जोडी जमवत नाहीत. बाहेरून परक्या माद्या येईपर्यंत थांबतात. ही जागा भरण्यासाठी जे होतं त्याला लढाई हाच शब्द आहे. आसपासच्या कुटुंबांतल्या बहिणी-बहिणींच्या किंवा भावा-भावांच्या फळ्या येऊन भिडतात. दिवसभर, आणि कधी सलग काही दिवस. पंख तुटतात, डोळे जातात. साहस बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या पाठीवर अगदी हलके रेडिओ ट्रान्समीटर बसवून या लढायांचा माग काढला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की, लढणाऱ्यांखेरीज बघे सुद्धा येतात, तेही ३ किलोमीटरवरून, आपलं कोठार तासभर वाऱ्यावर सोडून. कोण जिंकलं, कोणाची फळी मोडली, ही बातमी त्यांना तेवढ्या मोलाची असली पाहिजे. त्यांच्याच पुढच्या वर्षीच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. भावांबरोबर वाटून वीण करणाऱ्या नराला एकेका हंगामात वाटा कमी मिळत असला, तरी तो आपली जागा जास्त वर्षं टिकवतो आणि आयुष्यभराच्या हिशोबात एकट्याने संसार करणाऱ्यापेक्षा जास्त पिल्लांचा बाप होतो.

आता त्या अंड्याकडे वळू. दोन बहिणी एकाच ढोलीत अंडी घालतात. पहिलीने आज घातलं, दुसरीचं अजून यायचंय. दुसरीच्या दृष्टीने ढोलीत आत्ता जे अंडं आहे ते नक्की तिचं नाही. ती ते उचलते आणि बाहेर नेऊन फोडते. पहिली दुसरं घालते, तेही जातं. असं दुसरीचं स्वतःचं पहिलं अंडं पडेपर्यंत चालतं. त्यानंतर मात्र ढोलीतलं कुठलं अंडं कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. चुकून आपलंच फुटेल या धास्तीने हात आवरला जातो, आणि मग दोघी मिळून त्याच अंड्यांवर मायेने बसतात. रोनाल्ड ममे, वॉल्टर कोनिग आणि फ्रँक पिटेल्का यांनी १९८३ साली हे जगापुढे मांडलं. अशा सामाईक ढोलीत घातलेल्या अंड्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक अंडी अशी बहिणीच्याच चोचीने जातात. फुटलेलं अंडं वाया जाऊ द्यायचं नाही, हाही व्यवहार आहेच. कॅल्शियम आणि प्रथिनं पुन्हा पोटात जातात. भाऊबंदकी म्हणा हवं तर, पण वेगळं निघायची सोय नसलेली. दुसरं कोठार आणायचं कुठून?

हे सगळं कळलं कसं, याचं उत्तर कंटाळवाणं आणि म्हणूनच सांगण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे परगण्यात, कार्मेल खोऱ्याच्या वरच्या अंगाला हेस्टिंग्ज नावाचं राखीव रान आहे. १९३७ पासून ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ताब्यात आहे. तिथे मायकेल आणि बार्बरा मॅक्रॉबर्ट्स या जोडप्याने १९६८ मध्ये या पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला, १९७०च्या दशकात कोनिग आणि इतरांनी तो पुढे चालवला, आणि पक्ष्यांच्या पिढ्यांमागून पिढ्यांना ओळखीच्या कड्या घालणं सुरूच राहिलं. पिल्लू ढोलीत असतानाच त्याच्या पायात रंगीत कड्या घालतात. लाल-निळी-पांढरी असा एकेकाचा वेगळा क्रम. मग लपणात बसून दुर्बिणीतून नुसतं "सुतार आला" असं न लिहिता "लाल-निळी आली" असं लिहिता येतं. पुढे रक्ताच्या तपासणीतून बाप कोण हेही ठरवता यायला लागलं. कड्या नसत्या तर अंडं नेणारी ती मादी कायम परकी चोरच राहिली असती.

कड्या घालणं हे परवाना असलेल्या अभ्यासकांचं काम. पण जगात कुठेही, कुठल्याही सुताराचं घरटं बघणाऱ्याला एवढं नक्की जमतं: भोकांची भाषा ओळखणं. घरट्याची ढोली गोल असते, तोंड पक्षी जेमतेम आत जाईल एवढंच, आणि खाली जमिनीवर ढलप्यांचा सडा. ढलप्या ताज्या, पिवळसर असतील तर काम चालू आहे. करड्या पडल्या असतील तर जुनं. झाडातल्या अळ्या काढण्यासाठी पाडलेली भोकं वेडीवाकडी, आपल्याला उगाच ठोकल्यासारखी वाटणारी. रसाची छिद्रं उथळ. कोठाराची भोकं एका एकॉर्नच्या मापाची, त्याहून खोल नाहीत.

ढोली आहे हे कळलं तरी आत काय चाललंय हे येण्याजाण्यावरून ताडावं लागतं. पक्षी तोंडातून भुसा बाहेर फेकतोय, तर खोदकाम. एक आत गेला, बराच वेळ निघाला नाही, दुसरा आल्यावर पहिला बाहेर पडला, तर पाळी बदलली आणि आत अंडी आहेत. चोचीत किडा घेऊन आत, लगेच बाहेर, तर पिल्लं. बाहेर येताना चोचीत पांढरी पुडी असेल तर ती पिल्लाची विष्ठा. पिल्लू लहान असताना ती पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलीच येते. सांजावताना आत गेला आणि अंधार पडेपर्यंत निघालाच नाही, तर घरटंच असेल असं नाही, ती रात्रीच्या मुक्कामाचीही ढोली असू शकते. एकॉर्न सुतारांची अंडी ११-१२ दिवसांत फुटतात, पिल्लं महिनाभराने उडतात. त्यामुळे किडे जायला लागल्याची तारीख नीट लिहून ठेवली तर उडण्याचा आठवडा आधीच सांगता येतो. मागाहून फुटलेल्या अंड्यातलं पिल्लू बहुतेकदा मोठ्या भावंडांपुढे टिकत नाही. म्हणून चार अंडी होती आणि तीनच पिल्लं उडाली, तर लगेच साप किंवा शिकारी पक्षी शोधायला लागू नये.

साठवणीच्या बाबतीतही असंच सावध राहायला हवं. युरोप-आशियातला मोठा ठिपकेवाला सुतार सूचिपर्णी झाडांचे शंकू एका ठरावीक खाचेत आणून अडकवतो आणि फोडून बिया खातो. खाली शंकूंचा ढीग लागतो. ते कोठार नाही, ऐरण आहे. तिथेच फोडायचं, तिथेच खायचं. अमेरिकेतला लाल डोक्याचा सुतार खरंच साठवतो, फळांवर लाकडाचे तुकडे कोंबून झाकणही घालतो, आणि जिवंत नाकतोडे फटीत इतके घट्ट ठोकतो की ते निसटू शकत नाहीत. लुईस सुतार एकॉर्न सोलून, तुकडे करून सालीच्या आयत्या फटींत भरतो. भोक पाडण्याच्या भानगडीत पडत नाही. हे दोघं आपापला साठा एकट्याने किंवा जोडीने राखतात. त्यांच्याकडे वारशाने द्यावं असं काही उभंच राहत नाही, आणि त्यांच्या ढोल्यांत पंधरा जणांचं कुटुंबही नसतं.

बघताना घरट्यापासून लांब राहावं हे वेगळं सांगायला नको. पक्षी किडा चोचीत धरून आत न जाता बाजूच्या फांदीवर ओरडत बसला, तर आपण फार जवळ आहोत. पंधरा पावलं मागे गेलं की बहुधा तो आत जातो. आणि वहीत दोन रकाने करावेत: एकात जे दिसलं ते, दुसऱ्यात त्यावरून जे वाटलं ते. "अंडं घेऊन बाहेर आला, मादी, पट्टी काळी, शेजारच्या ओकवर नेलं, तिघांनी खाल्लं" हे पहिल्या रकान्यात. "चोर" हे दुसऱ्या. पहिला रकाना पन्नास वर्षांनीही कामाला येतो.

ज्या वर्षी ओक सगळीकडेच फसतो, त्या वर्षी कोठार भरतच नाही. काही आठवडे पक्षी रिकाम्या भोकांभोवती घुटमळतात, उरलेली फळं संपतात, आणि मग एकामागून एक निघून जातात, कधी पूर्ण कुटुंबच्या कुटुंब. भोकं तशीच राहतात. पुढच्या बहाराला तिथे कुणीतरी येतंच, बहुधा दुसऱ्याच घराण्यातलं, आणि आल्या दिवशी आधी पाडून ठेवलेल्या भोकांत एकॉर्न ठोकायला लागतं.